स्कारबरोचा कडा आणि त्यावरील बिऱ्हाडें

इतिहास म्हटला म्हणजे राज्यांचे उदयास्त, लढाया, तह आणि सनदा हेच विषय आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मनुष्य कर किती भरीत होता आणि लढाईंत कसा मरत होता, याचीं दफ्तरें सरकारांनीं जपून ठेविलीं. तो विसावा कसा घेत होता, याचें दफ्तर मात्र मुद्दाम कोणी ठेविलें नाहीं. वस्तुतः एखाद्या समाजांत विसावा कोणाला मिळतो, किती मिळतो आणि कोठें मिळतो, यावरून त्या समाजाची घडण जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती त्याच्या कायद्यांच्या पुस्तकांवरूनहि दिसत नाहीं. प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं जो विषय घेतला आहे तो वरकरणी क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. समुद्रकांठच्या डोंगरउतारावर बांधलेलें, एके काळीं दिमाखाचें पण पुढें जुनाट झालेलें, आणि मुलांबाळांसह चार दिवस राहणें मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडेल असें हॉटेल जगाच्या पुष्कळ किनाऱ्यांवर आढळतें. त्याच्या गालिच्यांचा रंग उडालेला असतो, जिना करकरतो, खिडकी उघडण्यास दोन हात लागतात. पण दिवाणखान्यांत मुलें धांवलीं तरी कोणी कपाळास आठ्या घालीत नाहीं. हें हॉटेल असें कां झालें, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्याचें उत्तर शोधावयास इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्कारबरो या गांवाइतकें सोयीचें स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

यॉर्कशायर परगण्यांत उत्तर समुद्रास लागून हें गांव वसलेलें आहे. समुद्रांत शिरलेलें एक उंच भूशिर, त्याच्या माथ्यावर बाराव्या शतकांत बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष, आणि भूशिराच्या दोन्ही अंगांस दोन बांकदार पुळणी, अशी त्याची ठेवण आहे. रत्नागिरीचा भगवतीचा किल्ला आणि त्याच्या दोन बाजूंचे पांढरा समुद्र व काळा समुद्र ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या ठेवणीची कल्पना सहज येईल. दक्षिणेकडील पुळणीच्या मागें जमीन एकदम उभी चढत जाते. या चढास तेथील लोक 'साउथ क्लिफ' म्हणजे दक्षिणकडा म्हणतात. हा कडा सह्याद्रीच्या कड्यांसारखा अखंड काळ्या कातळाचा नव्हे. हिमयुगांतील बर्फाच्या प्रवाहांनीं आणून टाकलेल्या चिकणमातीचा आणि गोट्यांचा जाड थर त्याच्या अंगावर आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मध्ययुगांत हें गांव मासेमारीवर आणि जत्रेवर जगत असे. तिसऱ्या हेन्री राजानें १२५३ मध्यें दिलेल्या सनदेनें येथें १५ ऑगस्टपासून ४५ दिवस जत्रा भरूं लागली आणि तिला परदेशचे व्यापारीहि येऊं लागले. त्या काळीं समुद्र म्हणजे पोटाचें साधन आणि मरणाचें भय. नुसतें त्याच्याकडे पाहत बसण्यासाठीं कोणी पदरचे पैसे खर्च करील, ही कल्पना तेथील कोळ्यास वेडगळ वाटली असती.

हा पालट घडविला तो वैद्यकानें. १६२६ च्या सुमारास गांवांतील मिसेस फॅरर नांवाच्या एका बाईंस कड्याच्या पायथ्याशीं एक झरा आढळला. त्याच्या पाण्यानें दगडांवर तांबूस डाग पडत आणि तें चवीस कडवट लागे. पाणी कडू आहे त्या अर्थीं तें गुणकारी असलें पाहिजे, हा तर्क सर्व देशांतील रोग्यांचा समान आहे. हल शहरांतील डॉक्टर रॉबर्ट विटी यांनीं १६६० मध्यें या झऱ्याच्या गुणांवर पुस्तक लिहिलें. दुसऱ्या वैद्यांनीं त्यावर कडक टीका केली, विटींनीं प्रत्युत्तर दिलें, आणि या वादानें दुसरें कांहीं सिद्ध झालें नाहीं तरी झऱ्याची कीर्ति मात्र दूरवर पसरली. झऱ्याचें पाणी पिण्यास आलेल्या रोग्यांस शेजारच्या समुद्रांत बुडी मारावयास सांगणें हें पुढचें पाऊल होतें. १७५० मध्यें डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं ग्रंथिरोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग लॅटिन प्रबंध लिहून प्रतिपादन केला, तेव्हां तर समुद्रस्नानास शास्त्राची मुद्राच मिळाली. स्कारबरोस हें स्नान त्यापूर्वींच सुरू झालेलें होतें. जॉन सेटरिंग्टन याच्या १७३५ च्या चित्रांत तेथील पुळणीवर पाण्यांत पोहणारे लोक आणि चाकांवरची एक लांकडी खोली दिसते. असल्या खोल्या घोडा पाण्यांत ओढून नेई. आंत बसलेला मनुष्य कपडे बदलून पलीकडच्या दारानें थेट पाण्यांत उतरे. या स्नानगाड्यांचा जो सर्वांत जुना पुरावा दाखवितात, तो हेंच चित्र होय.

समुद्र औषध ठरला, याचा परिणाम फार मोठा झाला. काम न करतां पंधरा दिवस समुद्राकडे पाहत बसणें हा आळस आहे. पण डॉक्टरांनीं तसें करण्यास सांगितलें म्हणजे तो उपचार होतो, आणि उपचार करून घेण्यांत सद्गृहस्थास संकोच वाटत नाहीं. रोगी येऊं लागले, त्यांच्या सोबतीस निरोगी येऊं लागले, आणि थोड्याच काळांत सोबत्यांची संख्या रोग्यांपेक्षां वाढली. नाचघरें, पत्त्यांचे अड्डे आणि वाचनालयें उघडलीं. शेरिडन यानें १७७७ मध्यें एक जुनें नाटक नव्यानें घडवून त्यास 'ए ट्रिप टु स्कारबरो' हें नांव दिलें. लंडनच्या प्रेक्षकांस हें नांव समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती, यावरून गांवाच्या लौकिकाचा अंदाज यावा.

याच विचाराची एक लाट पुढें आपल्याकडेहि आली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनीं महाबळेश्वर येथें आरोग्यस्थान वसविलें आणि १८२९ मध्यें त्या जागेच्या मोबदल्यांत साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस वाईकडील खंडाळा हें गांव दिलें. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे माथेरानावर चढले. 'हवापालट' हा शब्द आपल्या घरांतून आजाऱ्याच्या उशाशीं बसून उच्चारला जाऊं लागला, त्याच्या मागें हीच वैद्यकी समजूत आहे. फरक इतकाच कीं, उष्ण देशांत आलेल्या इंग्रजानें निरोगी हवेसाठीं डोंगर धरला आणि मायदेशीं समुद्र धरला. स्कारबरोस त्याला दोन्ही एकाच ठिकाणीं मिळाले.

डोंगर आणि समुद्र जेथें एकत्र येतात तेथें जागेची किंमत उंचीवर ठरते. स्कारबरोच्या खालच्या अंगास बंदर, मासळीबाजार आणि कोळ्यांच्या अरुंद गल्ल्या. वर कड्याच्या माथ्यावर दगडी घरांच्या ऐटदार ओळी. जो जितका वर राहील तितका त्याला समुद्र अधिक दिसे आणि मासळीचा वास कमी येई. १८२७ मध्यें गांव आणि झरा यांच्यामधल्या घळीवर लोखंडी पूल बांधण्यांत आला. त्या पुलावरून जाण्यास कर द्यावा लागे, आणि हा कर पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. कर लहान होता. पण नको असलेली माणसें दूर ठेवण्यास भिंतीपेक्षां लहानसा कर अधिक उपयोगी पडतो. आगगाडीची वार्ता उठली तेव्हां तर गांवांतील एका रहिवासी इंजिनियरानें १८४० मध्यें पत्रक काढून तिला विरोध केला. ज्यांच्याजवळ खर्चावयास पैसा नाहीं अशा भटक्या लोकांची झुंबड गांवास नको आहे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आगगाडी यावयाची ती आलीच. ७ जुलै १८४५ रोजीं यॉर्कहून स्कारबरोपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला, आणि त्याच वर्षीं दक्षिणकड्याच्या माथ्यावर क्राऊन हॉटेल उघडलें. एकाच वर्षीं खालून गरीब येण्याची आणि वर श्रीमंत राहण्याची सोय झाली, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

हॉटेलें हीं मात्र त्या काळीं थोड्यांसाठीं होतीं. बहुसंख्य कुटुंबें बिऱ्हाड करून राहत. ज्यांची ऐपत असे ते हंगामापुरतें संबंध घर भाड्यानें घेत आणि नोकरचाकर बरोबर आणीत. बाकीचे घरांतील एकदोन खोल्या घेत. या खोल्यांचा व्यवहार आपल्याकडील खाणावळीहून निराळा आणि तरीहि ओळखीचा वाटण्यासारखा होता. पुष्कळ ठिकाणीं मांस, भाजी, चहा, साखर हें सर्व पाहुण्यांनीं बाजारांतून आणावयाचें, आणि घरमालकिणीनें तें ज्याचें त्याला शिजवून द्यावयाचें, अशी रीत होती. एका चुलीवर चार कुटुंबांचीं चार भांडीं निरनिराळीं चढत. मीठमिरपुडीच्या भांड्यांबद्दल निराळा आकार घेण्याची चाल तर इतकी रूढ होती कीं, इंग्रजी विनोदी लेखकांनीं तिची पिढ्यानुपिढ्या थट्टा केली आहे. सकाळच्या न्याहारीनंतर पाहुण्यांनीं बाहेर पडावें आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतूं नये, पायांची वाळू दारांतच झाडावी, मुलांनीं जिन्यांत धांवूं नये, असे नियम असत. या घरमालकिणी हास्यास्पद ठरल्या. परंतु त्यांपैकीं कित्येक विधवा अगर अविवाहित बहिणी होत्या, आणि ज्या समाजांत बायकांस अब्रूनें मिळविण्याचीं साधनें फार थोडीं होतीं, त्या समाजांत घरांतील खोली भाड्यानें देणें हें त्यांपैकीं एक होतें. आपल्या शहरांतूनहि निराधार बायकांनीं पोळपाटलाटण्याच्या बळावर मुलांचीं शिक्षणें केलीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या थट्टेंतील क्रौर्य कळेल. तीन महिन्यांच्या हंगामावर बारा महिन्यांचा संसार ज्यांस चालवावयाचा, त्यांनीं मिठाचेहि पैसे मोजले तर त्यांत नवल काय?

या बिऱ्हाडांपैकीं एकाची हकीकत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत जाऊन बसली आहे. कड्याच्या टोंकावर 'वुड्स लॉजिंग्ज' नांवाची घरांची एक ओळ होती. ॲन ब्रॉंटी ही ब्रॉंटी भगिनींपैकीं सर्वांत धाकटी, एका श्रीमंत कुटुंबाकडे मुलांची शिक्षिका होती. तें कुटुंब उन्हाळ्यांत स्कारबरोस येई आणि शिक्षिकेसहि बरोबर आणी. म्हणजे समुद्राचें तिला जें प्रथम दर्शन झालें तें दुसऱ्याच्या मुलांमागें धांवत असतां झालें. तरीहि समुद्रानें तिला वेड लावलें. १८४७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'ॲग्नेस ग्रे' या तिच्या कादंबरींत पुळणीवरच्या पहांटेचें वर्णन आहे तें याच गांवाचें मानतात. पुढें भाऊ ब्रॅनवेल आणि बहीण एमिली यांस सुमारें तीन महिन्यांच्या अंतरानें मृत्यूनें नेलें आणि क्षयानें ॲनलाहि घेरलें. तेव्हां तिनें हट्ट धरला तो स्कारबरोस जाण्याचा. धर्ममातेनें ठेविलेल्या २०० पौंडांच्या देणगींतून खर्च भागला. १८४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस बहीण शार्लट आणि एक मैत्रीण यांच्यासह ती येथें येऊन उतरली, आणि तीनच दिवसांनीं, २८ मे रोजीं, समुद्राकडे तोंड असलेल्या त्या भाड्याच्या खोलींत वारली. तिचें वय अवघें २९ वर्षांचें होतें. घरीं नेण्याऐवजीं तिला तेथेंच सेंट मेरीच्या देवळाच्या आवारांत पुरलें. पगारी शिक्षिकेस या कड्यावर स्वतःच्या पैशानें आणि स्वतःच्या इच्छेनें राहण्यास मिळाले ते एवढेच तीन दिवस. समुद्रकांठच्या विसाव्यावर त्या काळीं कोणाचा किती हक्क होता, हें यावरून कळतें.

ती खोली पुढें उरली नाहीं. ती ओळ पाडून त्याच जागेवर १८६७ मध्यें ग्रँड हॉटेल उघडण्यांत आलें. लीड्स शहराच्या टाउन हॉलचा शिल्पकार कथबर्ट ब्रॉड्रिक यानें त्याचा आराखडा केला. आकार व्हिक्टोरिया राणीच्या नांवांतील व्ही या आद्याक्षराचा. चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, बावन्न आठवड्यांचीं ५२ धुराडीं आणि वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खोल्या, असा त्याचा हिशोब सांगतात. कड्याच्या उतारावर बांधलेलें असल्यामुळें गांवाच्या बाजूनें पाहणारास तें आटोपशीर दिसे, आणि पुळणीवरून वर पाहणारास किल्ल्यासारखें अंगावर आल्याचा भास होई. न्हाणीघरांत गोड्या पाण्याच्या तोट्यांखेरीज समुद्राच्या पाण्याच्याहि तोट्या होत्या. औषधी समुद्र आतां रोग्याच्या खोलींत चालत आला होता! पण या दिमाखाचा पाया प्रथमपासूनच डळमळीत होता. मूळ कंपनीचा पैसा बांधकाम पुरें होण्यापूर्वींच संपला. हॉटेलांतील ऐट आणि हॉटेलाच्या हिशोबाच्या वह्या यांचें सख्य क्वचितच असतें.

वर राहणारांची एक अडचण मात्र ग्रँड हॉटेलानेंहि सुटली नव्हती. समुद्र खालीं, घर वर. स्नान करून आलेल्या मनुष्यास चढ चढावा लागे, आणि लहान मुलें व म्हातारीं माणसें यांस तर तो नकोसाच होई. १८७५ मध्यें दक्षिणकड्यावर रुळांवरून चालणारे दोन डबे बसविण्यांत आले. एक वर जाई तेव्हां दुसरा खालीं येई. वरच्या डब्याच्या टांकींत समुद्राचें पाणी भरून त्याच्या भारानें खालचा डबा ओढला जाई. ब्रिटनमधील या जातीचा हा पहिला मार्ग. १८८१ मध्यें ग्रँड हॉटेलाच्या बाजूसहि असाच एक मार्ग झाला. बांधणारांचा हेतु वरच्यांस न दमतां खालीं उतरतां यावें हा असेल. पण जो डबा वरच्यांस खालीं आणतो तोच खालच्यांस वर नेतो. डोंगरावर एकदां वाट झाली म्हणजे ती एकाच वर्गाची राहत नाहीं.

आणि खालच्यांची संख्या वाढतच होती. सर जॉन लबक यांच्या खटपटीनें १८७१ मध्यें बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि वर्षांतून कांहीं ठराविक दिवस कारकुनांस व कामगारांस सुटी मिळूं लागली. लीड्स, ब्रॅडफर्ड यांसारख्या गिरण्यांच्या शहरांतून भरलेल्या गाड्या सकाळीं येत आणि रात्रीं परत जात. हे लोक पुळणीवर बसून बरोबर आणलेला फराळ खात, मुलें वाळूचे किल्ले बांधीत, गाढवांवर बसत. आणि माथ्यावरचें ग्रँड हॉटेल हें त्यांच्या दृष्टीनें किल्ल्याप्रमाणेंच केवळ पाहण्याची वस्तु असे. १६ डिसेंबर १९१४ रोजीं जर्मन युद्धनौकांनीं या गांवावर अकस्मात् तोफा डागल्या, तेव्हां ग्रँड हॉटेलासहि गोळे लागले आणि खालच्या साध्या घरांतील माणसेंहि मेलीं. गोळ्यांनीं उंचीचा भेद केला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत याच हॉटेलांत वैमानिक दलाचे उमेदवार तरुण ठेवण्यांत आले, आणि ज्या जिन्यांवरून एके काळीं रेशमी घोळ खालीं उतरत तेथें बुटांचे आवाज घुमले.

त्या युद्धाच्या तोंडावर, १९३८ मध्यें, पगारी रजेचा कायदा झाला. तोंपर्यंत पुष्कळशा मजुरांची सुटी म्हणजे बिनपगारी सुटी. समुद्रावर घालविलेला प्रत्येक दिवस हा बुडालेला रोज असे. वेतन ठरविणाऱ्या मंडळांस पगारी रजा देवविण्याचा अधिकार या कायद्यानें मिळाला, आणि युद्ध संपल्यावर त्याचें फळ दिसूं लागलें. आतां कामगाराचें कुटुंब एका दिवसाच्या फेरीऐवजीं आठवडाभर राहावयास येऊं लागलें. १६६० मध्यें रोग्यास जें पुस्तकानें मिळालें आणि १८४९ मध्यें ॲन ब्रॉंटीस जें देणगीनें मिळालें, तें आतां कुटुंबास कायद्यानें मिळूं लागलें. अडीचतीनशें वर्षांच्या या प्रवासांतील आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा टप्पा तो हाच.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९६० नंतर विमानें स्वस्त झालीं आणि स्पेनच्या उन्हांत पंधरवडा घालविणें इंग्रज कुटुंबास साधूं लागलें. ज्यांस ऐपत होती त्यांनीं उत्तर समुद्राच्या गार वाऱ्यास रामराम ठोकला. कड्यावरील मोठीं हॉटेलें ओस पडूं लागलीं. कांहीं बंद झालीं, कांहींचीं वृद्धांचीं घरें झालीं, कांहींच्या खोल्या तोडून बिऱ्हाडें पाडलीं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रँड हॉटेल सुटीच्या छावण्या चालविणाऱ्या एका कंपनीनें घेतलें, आणि उमरावांसाठीं बांधलेल्या त्या दालनांत साध्या कुटुंबांचीं मुलें खेळूं लागलीं. ज्या पुळणीवरून त्यांच्या आज्यापणज्यांनीं मान वर करून ती इमारत पाहिली, त्या पुळणीकडे आतां तीं त्या इमारतीच्या खिडक्यांतून पाहत होतीं.

आमचें सांगणें आहे तें येथेंच. समुद्रकांठचीं जुनीं हॉटेलें पाहून लिहिणारे बहुतेक लोक एकच रडगाणें गातात: काय वैभव होतें आणि काय दशा झाली! हें रडगाणें घर पाहणाराचें आहे; घरांत राहणाराचें नव्हे. नव्या कोऱ्या हॉटेलांत मुलांस घेऊन जाणाऱ्या आईस विचारा. पांढऱ्या शुभ्र गालिच्यावर दूध सांडेल या भीतीनें तिचे चारहि दिवस जातात. जुन्या हॉटेलाच्या गालिच्यावर पूर्वींच कोणाच्या तरी मुलानें दूध सांडून ठेविलेलें असतें. जुनेपणानें दर उतरतो, दर उतरला म्हणजे कुटुंब आंत येतें, आणि कुटुंब आंत आलें म्हणजे घरास घरपण येतें. श्रीमंतांसाठीं बांधलेली वस्तु सामान्यांच्या वांट्यास यावयाची ती बहुधा जुनी होऊनच येते. राजवाड्यांचीं ग्रंथालयें झालीं आणि सरदारांच्या बागा लोकांस खुल्या झाल्या त्या याच न्यायानें. म्हणून ज्यास आपण ऱ्हास म्हणतों त्यांतील पुष्कळसा भाग हा वस्तुतः वांटणीचा असतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो खरा आहे. जुनेपण आणि हयगय यांत भेद आहे. करकरणारा जिना निराळा आणि मोडलेला जिना निराळा. दर उतरल्यावर मालक जर डागडुजी सोडूं लागला, नोकर कमी करूं लागला, आणि 'स्वस्तांत आणखी काय मिळणार' असें म्हणूं लागला, तर गरिबाच्या वांट्यास हॉटेल येत नाहीं, हॉटेलाचें भग्नावशेष येतात. सामान्य कुटुंबास जुनें चालेल. धोक्याचें कां चालावें? या प्रश्नाचें उत्तर स्कारबरोच्या कड्यानेंच एकदां दिलें आहे.

वर आम्हीं कड्याच्या मातीची गोष्ट ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें. १७३७ मध्यें झऱ्याजवळचा कडा घसरून झऱ्यावरची इमारत नष्ट झाली होती. पण इमारती बांधणाऱ्यांस डोंगराचा इतिहास क्वचितच आठवतो. दक्षिणकड्याच्या दूरच्या टोंकास १८७९ मध्यें एका धनिकानें बांधलेलें होलबेक हॉल नांवाचें घर होतें. पुढें त्याचें हॉटेल झालें. समुद्राकडे हिरवळ, तिच्या पलीकडे कड्याचा उतार आणि खालीं लाटा, असें त्याचें सुंदर स्थान होतें. १९९३ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत तो उतार सरकूं लागला. पावसाचें पाणी चिकणमातींत मुरून ती जड आणि निसरडी झाली होती. पहांटे हिरवळ खचलेली दिसली. उतारूंस तांतडीनें बाहेर काढण्यांत आलें, आणि पुढच्या एकदोन दिवसांत, दूरचित्रवाणीच्या डोळ्यांदेखत, हॉटेलाचा समुद्राकडील भाग कोसळून खालीं गेला. सुमारें दहा लक्ष टन माती समुद्राच्या दिशेनें वाहून गेली असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जीवहानि झाली नाहीं, हें दैव. उरलेली इमारत पाडून टाकावी लागली.

त्यानंतर वाद न्यायालयांत गेला. हॉटेलाखालचा उतार नगरपालिकेच्या मालकीचा होता. खालच्या जमिनीनें वरच्या जमिनीस आधार द्यावयाचा, तेव्हां भरपाई कोणी द्यावी? २००० मध्यें अपील न्यायालयानें निकाल दिला त्याचा सारांश असा कीं, खालच्या मालकावर असें कर्तव्य येऊं शकतें, पण तें मर्यादित आहे. जो धोका त्यास आधीं समजण्यासारखा नव्हता त्याच्या सर्व परिणामांस तो जबाबदार नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें हा निकाल योग्यच असेल. पण सामान्य वाचकानें त्यांतून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. डोंगरावरील घराचें आयुष्य त्याच्या रंगरंगोटीवर अवलंबून नसतें. खालीं मुरणाऱ्या पाण्यास वाट आहे कीं नाहीं, यावर असतें. उतारूंस दिसतात ते पडदे. मालकानें आणि नगरपालिकेनें पाहावयाची ती गटारें. होलबेक हॉल जुनें म्हणून पडलें नाहीं. त्याच किनाऱ्यावर त्याहून बारा वर्षांनीं जुनें ग्रँड हॉटेल आजहि उभें आहे.

असो. आपल्याकडे समुद्रकांठच्या हॉटेलाची परंपरा जुनी नाहीं. आपल्या कुटुंबाचा विसावा म्हणजे मे महिन्यांत आजोळीं जाणें, आणि प्रवास म्हणजे यात्रा. समुद्रस्नानहि पर्वकाळीं करावयाचें तें पुण्यासाठीं. राहण्यास धर्मशाळा असे, आणि तिच्या जुनेपणाबद्दल कोणी कधीं तक्रार केली नाहीं, कारण ती सर्वांची होती. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळें येथें डोंगर, देऊळ आणि समुद्र यांची जी सांगड पडली आहे, तींत यात्रा आणि विसावा यांचा मिलाफ झालेला दिसतो. देवदर्शनास आलेलें कुटुंब संध्याकाळीं पुळणीवर उतरतें, आणि रात्रीं एखाद्या घरीं गरम भात, सोलकढी आणि अंथरूण मिळतें. स्कारबरोच्या घरमालकिणीनें दोनशें वर्षांपूर्वीं जो धंदा केला तोच कोंकणांतील गृहिणी आज निराळ्या चवीनें करीत आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव वाढत आहेत, जुनीं कौलारू घरें पाडून त्यांच्या जागीं कांचेच्या खिडक्यांचीं विश्रामधामें उठत आहेत, आणि उतार तोडून त्यावर मजले चढत आहेत.

अशा वेळीं स्कारबरोच्या इतिहासांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. उतार तोडण्यापूर्वीं त्यांतील पाणी कोठें जाणार हें विचारावें, ही पहिली. दुसरी अशी कीं, जुनें पण धड असलेलें घर पाडण्यापूर्वीं तेथें आजवर कोण राहत होतें याची चौकशी करावी. समुद्रावर राहण्याची सोय रोग्याकडून उमरावाकडे, उमरावाकडून कारकुनाकडे आणि कारकुनाकडून गिरणीकामगाराच्या मुलांकडे येण्यास इंग्लंडांत जवळजवळ तीन शतकें लागलीं, आणि ती आली तेव्हां रंग उडालेल्या गालिच्यांच्या खोल्यांतच आली. आपल्या किनाऱ्यावर त्या खोल्या अजून आहेत. त्यांची छपरें शाकारून, जिने दुरुस्त करून, त्या तशाच राहूं द्याव्या, एवढेंच आमचें म्हणणें आहे.